बिदागी आणि पगार

बुलढाणा जिल्ह्याला राजदरबार लाभला नाही. इथल्या शास्त्रीय गाण्याची कथा समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. सिंदखेडच्या जाधवांचं वैभव इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी ओसरलं होतं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढे जवळजवळ शतकभर जिल्हा चालवला तो साहेबांनी, तहसीलदारांनी आणि पाटील-देशमुखांनी. गवयाला पदरी ठेवावं, त्याला महिन्याचा शिधा आणि दसऱ्याला शालजोडी द्यावी, त्याच्याकडून घरातल्या मुलांना तालीम देववावी, असं करणारं मेहकर-चिखली-मलकापुरात कोणी नव्हतं.

त्याच काळात दक्षिण महाराष्ट्रात लहानमोठी संस्थानं एकमेकांना खेटून उभी होती आणि जवळजवळ प्रत्येकात गाण्याला थारा होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकून आले आणि इचलकरंजीच्या आश्रयाला स्थिरावले. अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी होते, अब्दुल करीम खाँनी मिरजेला घर केलं. महाराष्ट्रातल्या घराण्यांचा नकाशा काढला तर कृष्णा-पंचगंगेच्या काठी गर्दी दिसते आणि पैनगंगेच्या काठी शुकशुकाट. वऱ्हाडी माणसाच्या कानात किंवा गळ्यात काही कमी होतं असं मला मुळीच वाटत नाही. गाणाऱ्याला रोजची भाकरी देणारी व्यवस्था इथे नव्हती, एवढंच.

शास्त्रीय संगीताच्या कारकिर्दी आपण नेहमी गुरू, घराणं आणि पुरस्कार यांच्या भाषेत सांगतो. महोत्सवाच्या पुस्तिकेतला कलाकार-परिचय याच साच्यातला असतो. त्यात एक प्रश्न कधी येत नाही: रियाजाच्या वीस वर्षांत या माणसाचं घर कशावर चाललं? बिदागी मैफलीची मिळते, आणि मैफल कधी मिळेल ते सांगता येत नाही. भाडं, किराणा आणि मुलांची फी मात्र दर महिन्याला द्यावी लागते. म्हणून प्रत्येक मोठ्या गवयाच्या मागे कुठला ना कुठला पगार उभा असतो, कधी त्याचा स्वतःचा, कधी घरातल्या दुसऱ्या कोणाचा. तो पगार कोण देतो यावर गाणं कुठे राहतं, कोणत्या गावी जातं आणि कोणाच्या कानी पडतं हे ठरत आलं आहे.

दरबार नव्हता तरी वऱ्हाडात पैसा होता. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण कापसाच्या जोरावर टिकली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडकडे वळलं. खामगावचा कापूसबाजार इतका मोठा झाला की जलंबहून खामगावपर्यंत खास फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. फाटा जेमतेम तेरा किलोमीटरचा. पण पैसा आणि रेल्वे जिथे एकत्र येतात तिथे नाटक कंपनीचे पडदेही पोचतात. संगीत नाटकांच्या कंपन्यांसाठी वऱ्हाडचा दौरा भरघोस उत्पन्नाचा असे. कापसाचा हंगाम संपला, हातात पैसा आला, की खामगाव, अकोला, अमरावती इथे मुक्काम पडायचे आणि नाट्यपदांना ‘वन्स मोअर’ मिळायचे.

दरबार संपत चाललेल्या काळात नाटक कंपनी हा गवयाचा सर्वांत मोठा मालक होता, ही गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. कंपनीत नटाला ठरलेला पगार असे, बिऱ्हाड आणि जेवण कंपनीचं असे. रामभाऊ कुंदगोळकर हे त्याचं ठळक उदाहरण. जन्म १८८६, गाव धारवाडजवळचं कुंदगोळ, गुरू अब्दुल करीम खाँ. अशा कडक तालमीतून तयार झालेला शिष्य नाटकात शिरला आणि स्त्री-भूमिका करू लागला. खाँसाहेबांना ते रुचलं नाही असं सांगतात. रामभाऊ मात्र त्याच रंगभूमीवर घरोघरी पोचले. कंपनीचा मुक्काम अमरावतीला असताना दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ ही पदवी दिली. बालगंधर्व आधीच लोकांच्या गळ्यातला ताईत झाले होते. हा त्यांच्याहून सवाई, असा तो भर होता. हे खापर्डे म्हणजे टिळकांचे निकटचे सहकारी, अमरावतीचे नामांकित वकील आणि शेगावच्या गजानन महाराजांवर श्रद्धा असलेले गृहस्थ.

आज पुण्याच्या ज्या महोत्सवाला सगळा महाराष्ट्र नुसतं ‘सवाई’ म्हणतो, त्याचं नाव असं वऱ्हाडात पडलेलं आहे. पुण्याच्या मांडवात बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. वऱ्हाडच्या माणसाने ते अभिमानाने सांगावं असं मला वाटतं.

ही घडी तिसाच्या दशकात विस्कटली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. मंदीत कापसाचे भाव कोसळले. कंपन्या कर्जात बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर गवयांचे पगारही. सवाई गंधर्व रंगभूमी सोडून मैफली आणि शिकवणीकडे वळले. कुंदगोळच्या त्यांच्या घरात गदगहून पळून भटकून आलेला एक मुलगा पाणी भरत शिकला, तो भीमसेन जोशी. हुबळीहून गंगूबाई हनगल तिथे तालमीसाठी येत. १९५२ च्या सप्टेंबरात गुरू गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेनांनी गुरुबंधू-भगिनींना हाताशी धरून पुण्यात पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो आजही भरवतं. २०११ च्या जानेवारीत भीमसेन गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं.

या महोत्सवाने गवयाला काय दिलं? नाव दिलं, आणि ते जबरदस्त दिलं. ‘सवाईत गायला’ या दोन शब्दांवर पुढची काही वर्षं गावोगावच्या मंडळांची निमंत्रणं येतात. नव्या कलाकाराला दुपारची वेळ मिळाली तरी ती पुरते. पण नावावर घर चालत नाही. महोत्सव वर्षातून एकदा भरतो आणि त्यात मोजक्याच कलाकारांना जागा मिळते. पूर्वी रात्रभर चालणारं गाणं ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर बहुतेक दिवस रात्री दहाला थांबवावं लागतं; काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. मालकंस, दरबारी हे राग अजून कसेबसे वेळेत बसतात, पण उत्तररात्रीचे राग मोठ्या मांडवातून जवळजवळ हद्दपार झाले. ललत-भटियार ऐकायचे तर सकाळच्या वेगळ्या सत्राची वाट पाहायची. हे नुकसान श्रोत्याचं आहेच, पण ज्याने आयुष्यभर ते राग घोटले त्या गवयाचं त्याहून मोठं आहे.

आता वऱ्हाडातल्याच एका कारकिर्दीकडे जरा जवळून पाहू. शेगावहून नागपूरकडे निघालेली गाडी अकोल्यानंतर मूर्तिजापूरला थांबते. तिथे १९२० च्या मे महिन्यात वसंतराव देशपांडे जन्मले. आई ताराबाई लहानग्याला घेऊन नागपूरला आल्या आणि एकटीच्या कष्टावर त्यांनी त्याला वाढवलं. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या विद्यालयात पहिली तालीम झाली. पोरगा इतका तयार की भालजी पेंढारकरांनी १९३५ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्याला कृष्ण केलं. पुढे मामांच्या आधाराने लाहोरला गेले. तिथे असद अली खाँ यांनी तीन महिने एकच मारवा शिकवला, असं वसंतरावांचे चाहते आजही भक्तीने सांगतात. पुण्यात सुरेशबाबू माने, मुंबईत अमान अली खाँ असे गुरू मिळत गेले. दीनानाथ मंगेशकरांचा ठसा तर गळ्यावर उमटलेलाच होता.

एवढी तयारी झालेला हा गायक पुढची दोन दशकं आणि वर काही वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होता. सकाळी कचेरी, दिवसभर आकडे, संध्याकाळी कुणाकडे बैठक, पहाटे परत घर. बदलीचा हुकूम आला तेव्हा थेट नेफात, ईशान्येच्या सीमेवर, जावं लागलं. मित्र हळहळत, पु. ल. देशपांडे तर त्यांच्या गाण्याचे जाहीर वकीलच होते. पण घर त्या पगारावर चाललं होतं, आणि ज्या आईने एकटीने वाढवलं तिच्या मुलाला पगार सोडणं सोपं नव्हतं. १९६५ मध्ये नोकरी सुटली तेव्हा वसंतराव पंचेचाळीस वर्षांचे होते. डिसेंबर १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं आणि खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेने त्यांचं नाव महाराष्ट्रभर केलं. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. ज्या रंगभूमीने सवाई गंधर्वांना पोसलं, तिनेच पस्तीस वर्षांनी वसंतरावांना कचेरीबाहेर उभं राहायला बळ दिलं. १९८३ च्या जुलैत ते गेले. पूर्णवेळ गाण्यासाठी त्यांना जेमतेम अठरा वर्षं मिळाली. चाळिशीत त्यांच्या गळ्याची तयारी काय असेल याचा विचार करताना मला अजूनही चुटपुट लागते.

दुसरी कथा एका माणसाची नाही, तालमीच्या एका साखळीची आहे. बाळकृष्णबुवांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, औंध संस्थानचे दरबारी गायक होते. त्यांचे चिरंजीव गजाननराव जोशी (१९११-१९८७) गायक तसेच व्हायोलिनवादक. पुढे संस्थानं विलीन झाली आणि त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली. ग्वाल्हेर घरचीच, त्यावर त्यांनी आग्रा आणि जयपूरची तालीम मिळवली. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर. यांचं लहानपण यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला गेलं. वडील वकील आणि गाण्याचे जाणकार, त्यामुळे पहिले धडे घरीच मिळाले. नागपूर विद्यापीठात राजाभाऊ कोगजे आणि प्रभाकरराव खर्डेनवीस यांच्याकडे शिकून कशाळकर मुंबईला आले, राम मराठे आणि गजाननरावांकडे बसले. काही वर्षं आकाशवाणीत कार्यक्रम अधिकारी म्हणून काढली आणि १९९३ मध्ये कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून रुजू झाले. ती अकादमी १९७७ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाने उभी केली. तिथे गुरूला राहायला घर मिळतं, शिष्याला विद्यावेतन मिळतं आणि दोघांनी एकाच आवारात राहून शिकायचं-शिकवायचं.

औंधचे पंतप्रतिनिधी, मग सरकारी आकाशवाणी, मग सिगारेटपासून हॉटेलांपर्यंत धंदा करणारी कंपनी. तीन पिढ्यांना पगार देणारे हात बदलले, आणि त्याच शिस्तीच्या तीन गायक्या आज कशाळकरांच्या गळ्यात एकत्र नांदतात. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातला मुलगा या गायक्यांपर्यंत पोचला तो वडिलांच्या वकिलीमुळे आणि पुढच्या दोन नोकऱ्यांमुळे. त्यांच्या प्रतिभेचं श्रेय यामुळे तसूभर कमी होत नाही. मात्र तशीच प्रतिभा असलेली किती मुलं वकील बाप नसल्याने पांढरकवड्यातच किंवा मोताळ्यातच राहिली असतील, हा विचार टाळता येत नाही.

आकाशवाणीचा या सगळ्यातला वाटा फार मोठा आहे. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं आणि विदर्भातल्या गवयाला मुंबईपर्यंत न जाता मायक्रोफोन मिळाला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या दहा वर्षांत रात्रीचे राष्ट्रीय संगीत कार्यक्रम, आकाशवाणी संगीत संमेलन आणि कलाकारांच्या ऑडिशनची शिस्त उभी राहिली. पडद्याआड बसून गायचं, परीक्षकांनी नाव न पाहता गुण द्यायचे. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी. श्रेणीवर मानधन ठरतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावोगावचे संयोजक तिच्याकडे पाहतात. ‘रेडिओ आर्टिस्ट’ हे शब्द निमंत्रणपत्रिकेत नावाखाली छापलेले आजही दिसतात. ऑडिशनला ज्येष्ठ कलाकारांनी विरोध केला, कित्येकांना तो अपमान वाटला. तरीही मी या पद्धतीच्या बाजूचा आहे. घराण्याचं आडनाव नसलेल्या मुलाला नुसत्या गाण्यावर तोललं जाण्याची ती पहिली जागा होती.

त्याच आकाशवाणीने एका वाद्यावर मात्र अन्याय केला. १९४० मध्ये हार्मोनियमला रेडिओवर बंदी आली. तिचे सूर ठरलेले, तीत मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, हे आक्षेप. आक्षेपात तथ्य होतं, शिक्षा अवाजवी होती, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आता हा काळ बुलढाण्याला लागून असलेल्या जालना परिसरातल्या एका माणसाच्या आयुष्यावर ठेवून पाहा. अप्पा जळगावकर, जन्म १९२२. जालन्याला छब्बूबुवा गोस्वामींकडे ते गाणं शिकले, पेटी मात्र ऐकून ऐकून स्वतःच बसवली. बंदी आली तेव्हा ते अठरा वर्षांचे आणि उठली तेव्हा एकोणपन्नासचे. वादकाच्या उमेदीची सगळी वर्षं रेडिओचा दरवाजा बंद. अशा माणसाने फक्त साथीवर नाव कमावलं. भीमसेन, वसंतराव, किशोरी आमोणकर अशा अत्यंत वेगळ्या स्वभावाच्या गायक-गायिकांमागे त्यांची पेटी असे. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

साथ म्हणजे काय हे बड्या ख्यालाच्या वेळी नीट दिसतं. गायक आलाप संपवून मुखडा धरतो, डाव्या तळव्याने मांडीवर लय दाखवतो. तबलजीने कार्यक्रमाआधी हातोडीने गट्ठे ठोकून तबला षड्जाला लावून ठेवलेला असतो. तो समेवर बरोबर उतरतो. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटभरही चालू शकतं. एवढ्या संथ लयीत गायक सम विसरत नाही आणि तबलजी लय हलू देत नाही. पेटीवाल्याला गायक पुढे कुठे जाणार हे कोणी सांगितलेलं नसतं. तो गळ्याच्या कणभर मागून चालतो, गायकाने श्वास घेतला की तीच ओळ हलकेच पुरी करतो, आणि सुरांवरून गायक घसरत असेल तर नेमका सूर जरा जास्त वेळ धरून ठेवतो. श्रोत्याला ते कळत नाही. गायकाला कळतं. मागे तानपुऱ्यावर बसलेले शिष्य अधूनमधून सूर लावतात, गुरूने खुणावलं की एखादी तान घेतात. संयोजक आणि जाणकार श्रोते त्यांना तिथेच हेरतात. अनेकांची कारकीर्द गुरूच्या मागच्या त्या जागेवरून सुरू झालेली आहे.

या मंचावर संचालक नसतो. पाश्चात्त्य सिंफनीत साठ-सत्तर-शंभर वादकांपुढे छडी घेऊन उभा राहणारा माणूस स्वतः एकही सूर वाजवत नाही, पण प्रत्येक सुराची जबाबदारी त्याची. त्याची कारकीर्दही वेगळ्या पायऱ्यांनी चढते. झुबिन मेहता मुंबईचे, जन्म १९३६. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक आणि बॉम्बे सिंफनीचे संस्थापक. झुबिन वैद्यकीचा अभ्यास सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकायला गेले, १९५८ मध्ये लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा जिंकले, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले, १९७८ मध्ये न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या वाद्यवृंदांतल्या वादकाला नेमणूकपत्र असतं, पगार असतो, निवृत्तिवेतन असतं. शेवटच्या रांगेतल्या व्हायोलावाल्यालाही. मला या व्यवस्थेचा हेवा वाटतो तो याच एका बाबतीत.

आपल्याकडे असा प्रयोग झालाच नाही असं नाही. १९५२ मध्ये दिल्लीत आकाशवाणीचा वाद्यवृंद सुरू झाला. रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर त्याचे पहिले संचालक, पुढे १९५६ पासून बासरीवाले पन्नालाल घोष. सतार, सरोद, व्हायोलिन, बासरी वाजवणाऱ्यांना सरकारी नोकरी मिळाली. रागाला धरून रचना लिहिल्या गेल्या, स्वरलिपी समोर ठेवून त्या वाजवल्या गेल्या. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना घेऊन रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात दिवस घालवणाऱ्या गोव्याच्या वादकांच्या कमाईवर ते स्वप्न उभं होतं. ते फार काळ टिकलं नाही. मैफलीचा श्रोता एका गळ्याची वाट पाहतो, शंभर वाद्यांची नाही. आणि शंभर पगार द्यायला तेव्हा कोणी पुढे आलं नाही.

मग बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलाने आज काय करावं? इथे एक गोष्ट आहे जी इचलकरंजी-औंधला हेवा वाटावी अशी आहे. गावोगावची भजनी मंडळं. शेगावच्या पालखीबरोबर आषाढीसाठी पंढरपूरला सातशे किलोमीटरहून जास्त वाट पायी तुडवणाऱ्या वारकऱ्यांमध्ये मृदंग वाजवणारी कोवळी पोरं असतात. सकाळपासून रात्रीपर्यंत हातात ठेका. दिवसभर चालून झाल्यावर मुक्कामी पुन्हा हरिपाठ, कीर्तन. एवढा रियाज कुठल्याही शहरी क्लासात होत नाही. कीर्तनकाराच्या मागे उभं राहून त्याच्या शब्दाला हात उचलायला ही मुलं शिकतात, आणि साथीचं मर्म तेच आहे. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी वातावरणातून आले आणि पखवाजाचे मोठे कलाकार म्हणून शास्त्रीय मंचावर मानाने बसले. चिरंजीव उद्धव आपेगावकरांनी तो वारसा पुढे नेला. हा रस्ता बुलढाण्याच्या मुलाला परका नाही. मृदंगावरचा हात पखवाजावर बसायला मुळात वेळ लागत नाही. चौताल, धमार आणि बोलांची शुद्धता शिकवणारा गुरू तेवढा गाठायचा.

गाणाऱ्या मुलींपुढची अडचण अजून निराळी आहे. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली करायला सुरुवात केली तेव्हा घरंदाज बाईने मंचावर बसणं हीच मोठी गोष्ट होती. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, आकाशवाणीत आणि विद्यापीठात नोकरी केली, आणि उतारवयात वर्षानुवर्षं सवाईचा समारोप त्यांच्या गाण्याने झाला. आज चिखलीच्या किंवा देऊळगाव राजाच्या मुलीला गाऊ दिलं जातं. पण दहावीनंतर नागपूर-पुण्याला गुरूकडे एकटीने राहायला पाठवणारी घरं अजून थोडी आहेत. वसतिगृहाचा प्रश्न सुटला तर गाण्याचा निम्मा प्रश्न सुटेल, असं मला ठामपणे वाटतं.

पहिली पायरी बहुतेकांची अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची असते. प्रारंभिक ते विशारद आणि पुढे अलंकार. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला लावलेल्या रोपट्याचं हे झाड. विशारदमुळे शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागता येतं, खासगी क्लास काढता येतो. मैफल करता येईलच असं नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, शिष्यवृत्ती आहे. अठरा ते पंचवीस वर्षांच्या कलाकारांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ५,००० रुपयांची. पुण्यात खोलीचं भाडं दिलं की त्यातलं फारसं हातात राहत नाही. म्हणून तिथे शिकणारी मुलं सकाळी गुरूकडे बसतात आणि संध्याकाळी शिकवण्या किंवा अभंगांच्या कार्यक्रमांची साथ करतात. यात गायकापेक्षा पेटीवाल्याला आणि पखवाजवाल्याला आधी काम मिळतं, कारण भक्तिगीतांच्या दहा कार्यक्रमांत गायक दहा वेगळे असले तरी साथीला तेच चार वादक फिरत असतात. खामगावच्या किंवा मेहकरच्या ज्या मुलाचा हात ठेक्यात पक्का आहे, त्याने पुण्याची गाडी पकडताना हे ध्यानात ठेवावं आणि गळ्याच्या तालमीसोबत वाद्यही बरोबर न्यावं.